जॉर्ज म्युलर : हक्क आणि हेवा सोडायला शिकलेला माणूस



घटक चाचणीचे पेपर वाटायला घेतले की वर्गात एक गोष्ट हमखास घडते. मूल आधी स्वतःचे गुण पाहते आणि लगेच मान वळवून शेजारच्याच्या पेपरात डोकावते. २५ पैकी २२ मिळाले म्हणून हसणाऱ्या मुलाला शेजाऱ्याचे २३ दिसले की त्याचा चेहरा उतरतो. त्याचे गुण काही कमी झालेले नसतात. पेपर तोच, २२ तेच. बदललेला असतो तो फक्त शेजारचा आकडा.

आपण मोठी माणसंही यातून सुटलेलो नाही. स्टाफरूममध्ये दुसऱ्याच्या पुरस्काराची बातमी आली की आपण टाळ्या वाजवतो, पण आत कुठेतरी खुट्ट होतंच. इतकी वर्षं मी राबलो, मग माझं काय, हा प्रश्न मनात येतो. या प्रश्नात दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे हक्काची भावना, मला मिळायलाच हवं होतं ही. दुसरी म्हणजे हेवा, त्याला का मिळालं हा. दोघी सख्ख्या बहिणीच म्हणा ना.

आजच्या पाठात अशा एका माणसाचे चरित्र पाहू, ज्याने या दोन्हींशी समोरासमोर गाठ घातली. जगाला त्यांची ओळख आहे ती इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात हजारो अनाथ मुलांना सांभाळणारे म्हणून. त्यांचे नाव जॉर्ज म्युलर. पण अनाथालयाच्या आधी त्यांना स्वतःच्या मनाशी झगडावे लागले, आणि आपल्यासारख्यांना जास्त उपयोगी आहे ती हीच गोष्ट.

आधी एक दृष्टांत

म्युलर यांची श्रद्धा ज्या शिकवणुकीवर उभी होती, ती समजायला बायबलमधील एक दृष्टांत ठाऊक असायला हवा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात येशू ख्रिस्तांनी द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सांगितली आहे.

मालक पहाटेच नाक्यावर जातो आणि दिवसाला एक दिनार मजुरी ठरवून कामकरी आणतो. मग तो नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता जाऊन आणखी माणसे आणतो. संध्याकाळी पाच वाजताही काही जण रिकामेच उभे असतात, कारण त्यांना कोणी कामच दिलेले नसते. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. दिवस मावळल्यावर मजुरी वाटायची वेळ येते. शेवटी आलेल्यांपासून सुरुवात होते आणि त्यांना पूर्ण दिनार मिळतो! पहाटे आलेल्यांना वाटते, आता आपल्याला नक्की जास्त मिळणार. पण त्यांच्याही हातावर एकच दिनार पडतो. ते कुरकुर करू लागतात. मालक त्यांना शांतपणे समजावतो की ठरलेल्यातला एक पैसाही मी कमी केलेला नाही. मी माझ्यातले उदारपणे दिले, याचे तुम्हाला का दुखावे?

पहाटेच्या माणसांचे नुकसान काहीच झाले नव्हते. त्यांचा दिनार त्यांच्या मुठीत होता. पण नजर शेजाऱ्याच्या मुठीवर गेली आणि हातातल्या दिनाराची गोडीच गेली. आपल्या वर्गातल्या २२ गुणांसारखंच झालं हे.

लाडावलेला मुलगा

जॉर्ज म्युलर यांचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशियातील, म्हणजे आजच्या जर्मनीतील, क्रोप्पेनश्टेट या गावी झाला. वडील सरकारी कर वसूल करणारे अधिकारी होते. घरी खाऊनपिऊन सुखी अशी परिस्थिती होती. वडिलांचा जॉर्जवर धाकट्या भावापेक्षा जास्त जीव होता आणि तो लपतही नसे. लहान वयातच ते मुलांच्या हातात बऱ्यापैकी पैसे देत. मुलांना पैसे जपायची सवय लागावी हा त्यांचा हेतू होता. परिणाम मात्र उलटा झाला. जॉर्जला वाटू लागले की पैसा हा मागितला की मिळतोच. आणि नाही मिळाला तर घ्यायचा. दहा वर्षांचा होण्याआधीच तो वडिलांकडे असलेल्या सरकारी पैशांतून चोरी करू लागला होता.

मुलगा पाद्री व्हावा अशी वडिलांची इच्छा होती. त्यात भक्तीपेक्षा हिशेब अधिक होता. मुलाला सुखाची नोकरी लागेल आणि म्हातारपणी आपल्याला त्याच्याकडे आरामात राहता येईल, असे त्यांच्या मनात होते. शिक्षणासाठी जॉर्जला हाल्बरश्टाट येथे पाठवले. तो १४ वर्षांचा असताना आई वारली. त्या रात्री हा मुलगा मध्यरात्र उलटून गेली तरी पत्ते खेळत बसला होता. धर्मविधीसाठी पाद्रीबाबांना द्यायला वडिलांनी दिलेल्या पैशांतलाही बहुतेक भाग त्याने स्वतःच्या खिशात घातला.

१६ व्या वर्षी तर कमाल झाली. ऐपत नसताना तो चांगल्या खानावळींत राहिला, बिल चुकवून पळू लागला आणि वोल्फेनब्युटेल गावी पकडला गेला. डिसेंबर १८२१ ते जानेवारी १८२२ असे तीनसाडेतीन आठवडे त्याने तुरुंगात काढले. शेवटी वडिलांनीच बिल भरून त्याला सोडवले.

इथे पालकांनी थोडं थांबावं असं वाटतं. हा मुलगा गरिबीमुळे बिघडला नव्हता. सगळं आपल्यासाठीच आहे, ही समजूत त्याच्यात लहानपणापासून मुरत गेली होती. एका मुलाला झुकतं माप दिलं की दुसऱ्याच्या मनात हेवा उगवतो आणि पहिल्याच्या मनात हक्क. वडिलांच्या या वागण्याने आम्हा दोघाही भावांचे नुकसान झाले, असे म्युलर यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

हाल्लेमधील ती संध्याकाळ

१८२५ मध्ये जॉर्ज हाल्ले विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागला. शिकत होता धर्मशास्त्र, पण राहणी तीच होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर स्वित्झर्लंडला फिरायला गेला. पुस्तके गहाण टाकून पैसे उभे केले होते. सगळ्यांचा सामाईक बटवा जॉर्जकडे होता, आणि त्याने हिशेब असा काही ठेवला की स्वतःचा खर्च मित्रांपेक्षा बराच कमी पडला. मित्रांना पत्ताही लागला नाही.

नोव्हेंबर १८२५ मधील एका शनिवारी बेटा नावाच्या मित्राने त्याला एका घरी होणाऱ्या प्रार्थनासभेला नेले. साधे घर आणि साधी माणसे होती. त्यांतला एक जण गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. जॉर्जने आजवर कोणालाही अशी गुडघे टेकून प्रार्थना करताना पाहिले नव्हते. या फारसे न शिकलेल्या माणसाजवळ जे आहे ते आपल्याकडे नाही, हे त्याला त्या रात्री जाणवले. परतताना त्याने मित्राला सांगितले की आपण स्वित्झर्लंडमध्ये जे जे पाहिले, ते या संध्याकाळपुढे काहीच नाही.

त्या रात्रीतून जॉर्ज एकदम साधुपुरुष झाला असे कोणी समजू नये. पण दिशा बदलली. आजवर तो देवाच्या दारातही घेणेकऱ्यासारखा उभा होता. आता त्याला पहिल्यांदा वाटले की आपली काहीच लायकी नसताना देवाने आपल्याला जवळ केले आहे. ख्रिस्ती धर्मात याला कृपा म्हणतात. कृपा म्हणजे मजुरी नव्हे, देणगी.

याची परीक्षा लवकरच झाली. जॉर्जने मिशनरी व्हायचे ठरवले तेव्हा वडील फार चिडले. त्यांचे म्हातारपणाचे सगळे गणितच कोसळले होते. जॉर्जला वाटले की वडिलांची अपेक्षा आपण पुरी करणार नसू, तर त्यांचे पैसेही घेऊ नयेत. अजून दोन वर्षांचे शिक्षण बाकी होते. जो मुलगा वडिलांचे पैसे चोरत होता, त्याने आता दिलेले पैसेही नाकारले. हाल्लेला आलेल्या काही अमेरिकन प्राध्यापकांना जर्मन शिकवून त्याने आपला खर्च भागवला. काही काळ तो आउगुस्ट हर्मान फ्रांके यांनी तिथे उभारलेल्या प्रसिद्ध अनाथालयाच्या इमारतीत, गरीब विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या मोफत खोलीत राहिला. अनाथालयाचे बी त्याच्या मनात पडले ते तिथेच.

बाकड्यांचे भाडे

१८२९ मध्ये म्युलर इंग्लंडला आले. तिथे ते आजारी पडले आणि हवापालटासाठी टिनमथ या समुद्रकाठच्या गावी गेले. तिथे त्यांची हेन्री क्रेक या तरुण स्कॉटिश माणसाशी गाठ पडली. दोघांचे वय सारखेच, क्रेक काही आठवड्यांनी मोठे. हे नाव लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीचा गाभा याच मैत्रीत आहे.

१८३० मध्ये म्युलर टिनमथच्या एका लहान मंडळीचे पाळक झाले. वर्षाला ५५ पौंड पगार ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेरी ग्रोव्ह्ज यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पण पगार कुठून येतो हे त्यांना टोचत होते. त्या काळी इंग्लंडमधील बऱ्याच प्रार्थनामंदिरांत बाकड्यांना भाडे असे. पैसेवाला पुढचे चांगले बाकडे भाड्याने घेई; गरिबाने मागे कुठेतरी बसायचे. या भाड्यातून पाळकाचा पगार निघे. याकोबाच्या पत्रात श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना बोल लावला आहे. तो भाग वाचून म्युलर यांना वाटले की देवाच्या घरात आपण मान विकतो आहोत, आणि त्या विक्रीवर आपलीच चूल पेटते आहे.

लग्नाला महिनाही झाला नव्हता, तोच त्यांनी पगार सोडला. मेरींनीही साथ दिली. बाकडी सगळ्यांना खुली झाली. प्रार्थनामंदिरात एक पेटी ठेवली. ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने त्यात टाकावे, कोणी किती टाकले हे कळायचे कारण नाही. आपली गरज माणसांजवळ बोलायची नाही, फक्त देवाजवळ मागायची, असेही दोघांनी ठरवले. पुढच्या वर्षी, १८३१ मध्ये, त्यांच्याकडे जुन्या पगाराच्या दुपटीहून अधिक रक्कम आली. पण हे सांगताना जरा सांभाळून सांगावे. पगार सोडला की दुप्पट मिळते, असा धडा यातून काढला तर तो पुन्हा देवाशी केलेला सौदाच होईल. पुढे कितीतरी दिवस असे आले की घरात एकही नाणे नसे.

सर्वांत अवघड धडा

मे १८३२ मध्ये क्रेक आणि म्युलर दोघे मिळून ब्रिस्टलला आले. गिदोन आणि बेथेस्डा ही दोन प्रार्थनामंदिरे दोघांनी मिळून सांभाळायची, बाकड्यांना भाडे नाही, ठरलेला पगार नाही. त्या उन्हाळ्यात ब्रिस्टलमध्ये पटकीची साथ आली. माणसे पटापट दगावत होती. दोघे मित्र रोज सकाळी प्रार्थनासभा घेत आणि आजाऱ्यांच्या घरी जात.

काम जोरात होते. पण लवकरच एक गोष्ट म्युलर यांच्या ध्यानात आली. लोकांना क्रेक यांचा उपदेश जास्त आवडत होता. क्रेक विद्वान होते, ग्रीक आणि हिब्रू भाषांचे जाणकार होते, आणि इंग्रजी तर लहानपणापासून बोललेली. म्युलर परक्या भाषेत बोलणारे जर्मन. क्रेक यांच्या बोलण्याने अधिक लोकांची मने बदलत होती.

शिक्षक मित्रहो, हे चित्र आपल्याला काही नवे नाही. एकाच शाळेत, एकाच वर्गाला, एकाच वयाचे दोन शिक्षक शिकवतात. मुले एकाच्या तासाची वाट पाहतात आणि दुसऱ्याच्या तासाला घड्याळ पाहतात. दूरच्या मोठ्या माणसाचा आपण हेवा करत नाही. हेवा वाटतो तो बरोबरीच्याचा, शेजारच्या खुर्चीतल्याचा. आणि म्युलर यांनी तर किती सोडले होते! वडिलांचा पैसा, घर, देश, पगार. एवढे सोडणाऱ्याला वाटू शकले असते की आता देवाने निदान यश तरी मला द्यावे. पहाटेपासून राबलेल्या कामकऱ्याच्या जागी ते उभे होते.

लोक आपल्या मित्राला पसंत करतात हे आपल्याला दिसले, आणि हेवा करण्याऐवजी यात आनंद मानायचा असा आपण देवाच्या बळावर निश्चय केला, असे म्युलर यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. क्रेक यांच्या मृत्यूनंतर त्यांची दैनंदिनी आणि पत्रे छापली गेली, त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ही कबुली आहे. मनात काही आलेच नाही, असा आव त्यांनी आणला नाही.

आधार कशाचा घेतला? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. योहानाजवळ मोठी गर्दी जमत असे. मग येशू आले आणि गर्दी तिकडे वळू लागली. योहानाच्या शिष्यांना ते लागले. तेव्हा योहानाने त्यांना समजावले की माणसाला जे मिळते ते स्वर्गातून दिलेले असते. म्युलर यांनी हेच स्वतःला लावून घेतले. क्रेक यांना मिळालेली वाणी ही देवाची देणगी आहे, ती माझ्या वाट्यातून काढून त्यांना दिलेली नाही. देणारा एकच आहे, आणि त्याचे कोठार काही क्रेक यांना दिल्याने रिकामे होत नाही.

पण त्यांनी एवढ्यावर सोडले नाही, आणि शिक्षक म्हणून मला हा पुढचा भाग फार मोलाचा वाटतो. क्रेक यांच्या कामाला जास्त फळ का येते, हे त्यांनी प्रामाणिकपणे शोधले. त्यांना तीन कारणे दिसली. एक, क्रेक यांचे मन आपल्यापेक्षा अधिक देवाकडे लागलेले आहे. दोन, लोकांचे मन बदलावे म्हणून ते जास्त कळकळीने प्रार्थना करतात. तीन, ज्यांच्यात अजून बदल झालेला नाही अशांशी ते उपदेशात वारंवार थेट बोलतात. म्युलर यांनी हे गिरवले, आणि पुढे त्यांच्याही कामाला तेवढेच फळ येऊ लागले. हेवा करणारा माणूस दुसऱ्यात दोष शोधतो. हेवा सोडलेल्या माणसाला दुसऱ्याकडून शिकता येते.

ही मैत्री तुटली नाही. जानेवारी १८६६ मध्ये क्रेक यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ब्रिस्टलमध्ये जवळजवळ ३४ वर्षे, दोघे एकाच मंडळीत खांद्याला खांदा लावून राहिले. काळाची गंमत पाहा. पुढे अनाथालयामुळे म्युलर यांचे नाव जगभर झाले आणि क्रेक हे नाव आज फारशा लोकांना ठाऊक नाही. पारडे फिरले तरी मैत्री टिकली.

ज्यांचा कोणी नाही त्यांच्यासाठी

१८३५ च्या अखेरीस म्युलर यांनी अनाथालय काढायचे ठरवले. देव आजही प्रार्थना ऐकतो आणि देतो, हे लोकांना उघड्या डोळ्यांनी दिसावे हा त्यांचा पहिला हेतू होता.

सुरुवातीच्या देणगीदारांत एक शिवणकाम करणारी बाई होती. आजाराने खंगलेली, आठवड्याला जेमतेम काही शिलिंग कमावणारी. वडिलांच्या मागे तिच्या वाट्याला ४८० पौंड आले होते. त्यांतून तिने वडिलांचे राहिलेले कर्ज फेडले, आईला १०० पौंड दिले आणि अनाथालयासाठी १०० पौंड घेऊन ती आली. म्युलर यांना वाटले की भावनेच्या भरात ती देते आहे. त्यांनी तिला बराच वेळ परत फिरवण्याचा प्रयत्न केला. पण तिचा विचार पक्का होता. येशूने आपल्यासाठी सर्वस्व दिले, मग आपण का हात आखडावा, एवढेच तिचे म्हणणे. हा पैसा मी कष्टात काढलेल्या वर्षांची भरपाई आहे, असे ती म्हणू शकली असती आणि कोणी नाव ठेवले नसते.

३ फेब्रुवारी १८३६ हा दिवस मुलांचे अर्ज घेण्यासाठी ठरला होता. म्युलर दोन तास बसून राहिले. एकही अर्ज आला नाही! घरी परतताना त्यांच्या लक्षात आले की आपण घर, पैसा, सामान, माणसे सगळ्यांसाठी प्रार्थना केली. मुले येतील हे मात्र गृहीत धरले. हक्काची भावना अशीच मागच्या दाराने येते. त्या संध्याकाळी ते नम्र होऊन प्रार्थनेला बसले. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला आणि एप्रिलमध्ये विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरात मुलींचे अनाथालय सुरू झाले.

इंग्लंडमधील तेव्हाच्या बऱ्याच अनाथालयांत मूल घ्यायचे तर वर्गणीदारांची मते मिळवावी लागत. ज्याची ओळख त्याचे मूल आत. म्युलर यांच्याकडे मतदान नव्हते, शिफारस नव्हती. मोठी देणगी देणाऱ्यालाही वेगळा मान नव्हता. आईवडील दोन्ही गेलेले आणि निराधार असलेले मूल क्रमाने घेतले जाई. लग्नाच्या संबंधातून जन्मलेले मूलच घ्यायचे हा नियम मात्र त्यांनीही ठेवला होता, आणि आज तो आपल्याला खटकतो.

हळूहळू विल्सन स्ट्रीटवर चार घरे झाली. १८४५ मध्ये एका शेजाऱ्याचे सभ्य भाषेतले पत्र आले. इतक्या मुलांच्या खेळण्याने, गटाराच्या आणि पाण्याच्या ओढाताणीने गल्लीतल्या लोकांना त्रास होतो असे त्यात होते. अनाथांची सेवा करणाऱ्याला असे पत्र! दुसरा कोणी खवळला असता. म्युलर यांनी विचार केला आणि त्यांना पटले की तक्रार खरी आहे. आपले काम पुण्याचे आहे म्हणून शेजाऱ्यांनी सोसलेच पाहिजे, असा हक्क त्यांनी गाजवला नाही. शहराबाहेर ॲशली डाउन येथे जमीन घेऊन १८४९ मध्ये ३०० मुलांसाठी पहिली मोठी इमारत उभी राहिली. १८७० पर्यंत तिथे पाच इमारती झाल्या आणि २,००० हून अधिक मुलांची सोय झाली. त्यांच्या हयातीत १०,००० च्या वर मुले तिथे वाढली. मुलींना घरकाम, परिचर्या, शिकवणे यांसाठी तयार केले जाई. मुलांना कारागिरांकडे उमेदवारीला ठेवले जाई.

शेवटचा हिशेब

सत्तरी गाठत असताना म्युलर प्रवासाला निघाले. पुढची सतरा वर्षे त्यांनी ४२ देशांत प्रवचने केली. या प्रवासात ते भारतातही आले. १८९० च्या सुरुवातीला जबलपूरला असताना त्यांना एकुलती एक मुलगी लिडिया हिच्या निधनाची बातमी मिळाली. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.

महाराष्ट्राशी त्यांचा धागा आणखी एका वाटेने जुळतो. पंडिता रमाबाईंनी म्युलर यांच्या जीवनावरील पुस्तक वाचले होते आणि त्यातून मिळालेल्या प्रेरणेचा उल्लेख आपल्या साक्षीत केला आहे. दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलीबायकांना आसरा देणाऱ्या रमाबाईंच्या श्रद्धेमागे ब्रिस्टलच्या या माणसाचाही वाटा आहे.

१० मार्च १८९८ रोजी सकाळी, ९२ व्या वर्षी, अनाथालयातील आपल्या खोलीत म्युलर यांचे निधन झाले. त्यांच्या हातून कामासाठी सुमारे १५ लाख पौंड गेले होते. स्वतःसाठी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशांतूनही त्यांनी ८१,००० पौंडांहून अधिक वाटून टाकले होते. मागे राहिलेली त्यांची सगळी मालमत्ता, पुस्तके आणि सामान धरून, २०० पौंडांचीही नव्हती. खानावळीचे बिल बुडवून पळणाऱ्या मुलाचा हा शेवटचा हिशेब.

आपण काय घ्यावे?

शिक्षक आणि पालक म्हणून या चरित्रातून मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, हेवा नुसत्या रागावण्याने जात नाही. दुसऱ्याचं बघू नकोस, असं आपण मुलांना शंभरदा सांगतो. म्युलर यांचा हेवा गेला कारण देणाऱ्याच्या उदारपणावर त्यांचा विश्वास बसला. घरातही मुलाला खात्री हवी की ताईचे कौतुक झाले म्हणून माझ्यावरचे प्रेम कमी होत नाही. ही खात्री आपल्या वागण्यातूनच मिळते.

दुसरी, ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडून शिका. त्याला जास्त गुण का पडले, असे रागाने विचारणारे मूल तोच प्रश्न कुतूहलाने विचारू लागले की अर्धे काम झाले.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. म्युलर यांनी स्वतःचे हक्क सोडले, मुलांचे नाही. गरिबाला पुढचे बाकडे मिळावे म्हणून त्यांनी स्वतःचा पगार सोडला. तेव्हा ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे त्या मुलाला, समाधान मान, असे सांगून गप्प बसवायला हे चरित्र वापरू नये. पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभ्या राहिलेल्या कामकऱ्यालाही घरी चूल पेटवायची होती. मालकाला तेच दिसले होते.

वर्गात चर्चेसाठी काही प्रश्न :
१. पहाटे आलेल्या कामकऱ्यांचे खरोखर नुकसान झाले होते का?
२. क्रेक यांच्या जागी तुमचा मित्र आणि म्युलर यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?
३. तुम्हाला न मागता, न कमावता मिळालेल्या पाच गोष्टी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांबरोबर आपणही लिहून पाहावे. पाचावर थांबणे कठीण जाते.